फोटो आहे ना, मग झालं तर!

काही काही वाक्यं माझ्या डोक्यात जातात. "फोटो आहे ना, मग झालं तर!" हे त्यातलं सध्या पहिल्या नंबरावर असलेलं वाक्य. त्याच्या मागोमाग दुसरं येतं: "अय्या, किती छान व्हिंटेज आहे, फ्रेम करून हॉलमध्ये लावू या." वरवर पाहता ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एकाला मूळ वस्तू नकोय, दुसऱ्याला हवीय. पण माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच. फोटो नुसता बघायचा, वाचायचा नाही.

निमित्त घरचंच आहे आणि इथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक आहे. उरलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्यातली आमची सोसायटी पाडून नवी बांधायची ठरलीय. माळ्यावर आजोबांचे अकरा अल्बम आहेत. जाड काळी पानं, चारी कोपऱ्यांना कागदी कॉर्नर, दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला तो पातळ कागद. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असं ठरलं की एका चुलतभावाने मोबाईलवर सगळ्या फोटोंचे फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे आणि अल्बम रद्दीत घालायचे. सतरा अंगठे पडले त्या मेसेजला (हो, मी मोजले). मी एकट्याने नको म्हटलं तर "तुला तिकडे इंग्लंडात बसून बोलायला काय जातंय" असं ऐकवण्यात आलं. आता ग्रुपवर काही तीन ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून उत्तर इथे देतोय. आणि इंग्लंडात बसलोच आहे तर उत्तरही इंग्लंडातल्याच एका जळालेल्या म्युझियमवरून देतो.

माझ्याकडे एक जुना फोटो आहे. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. ब्रिस्टल शहरातलं म्युझियम आणि लायब्ररी. (ब्रिस्टल म्हणजे तेच, जिथे राजा राममोहन रॉय १८३३ साली वारले. त्यांची समाधी अजून आहे तिथे, आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत.) ही इमारत १८७२ साली उघडली. पार्क स्ट्रीटचा चढ चढून वर गेलं की क्वीन्स रोडला लागते. फॉस्टर आणि पॉन्टन या वास्तुरचनाकारांनी ती चक्क व्हेनिसच्या राजवाड्याच्या धर्तीवर बांधली. खाली टोकदार कमानींची रांग, दगडात दोन रंग. इंग्लंडच्या पावसात व्हेनिस! व्हिक्टोरियन लोकांना असल्या गोष्टींचा संकोच कधी वाटला नाही, आणि मला त्यांचं तेवढं आवडतं.

फोटो अंड्याचा आहे, म्हणजे अल्ब्युमेन प्रिंट. कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा मिठाबरोबर लेप द्यायचा, वाळला की तो चांदीच्या क्षारात बुडवायचा, आणि काचेच्या निगेटिव्हखाली ठेवून उन्हात छापायचा. १८५० साली ब्लांकार-एव्रार नावाच्या फ्रेंच माणसाने ही रीत आणली आणि पुढची चाळीसेक वर्षं जगातले बहुतेक फोटो असेच छापले गेले. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला या कागदाचे मोठे कारखाने होते, तिथे अंड्यांचा खप लाखांत होता. (पिवळ्या बलकाचं ते काय करत असतील, हा प्रश्न माझ्या बायकोने लगेच विचारला. खाद्यपदार्थवाल्यांना आणि चामडं कमावणाऱ्यांना तो जायचा म्हणे.)

तर हा फोटो मी जेव्हा जेव्हा कोणाला दाखवतो तेव्हा तेव्हा तो माणूस म्हणतो, "काय सुंदर सेपिया टोन आहे!" आता सांगा, चिडू नको तर काय करू? तो टोन नाही हो, तो आजार आहे. सोन्याच्या क्षारात बुडवलेला ताजा अल्ब्युमेन प्रिंट जांभळट तपकिरी दिसायचा आणि पांढरा भाग पांढराच असायचा. वर्षं गेली, दमट हवा लागली, की अंड्याचा थर पिवळा पडतो आणि चांदी विटते. ज्याला आपण जुन्या काळाचा गोडवा समजतो ती त्या कागदाला झालेली कावीळ आहे. आणि मोबाईलमध्ये ॲप असतात, कालच्या वाढदिवसाच्या फोटोला ही कावीळ मुद्दाम करून देणारी. असो.

तो फोटो मला एका आठवडी बाजारात मिळाला. विकणाऱ्याकडे असले फोटो टोपलीभर होते, सगळे सुटे. कुठून आणलेत विचारलं तर म्हणाला, अल्बममधून कापून काढतो, अख्खा अल्बम कोणी घेत नाही, सुटे पटापट जातात. कोणाचा अल्बम, आधीच्या पानावर काय होतं, मागच्या पानावर काय होतं, काहीही माहीत नाही. माझ्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते बरोबर अर्ध्यात कापलं गेलंय, कारण कात्री सरळ चालवायची होती. कोणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे सांगून ठेवलं होतं ते आडवं चिरून त्याने एक टुमदार, विकण्याजोगा चौकोन केला. त्या माणसाला मी काही बोललो नाही, त्याचं पोट आहे त्यावर. माझा राग त्याच्या गिऱ्हाइकांवर आहे, कॅफेच्या भिंतीवर टांगायला डझनाच्या भावाने "जुने फोटो" नेणाऱ्यांवर.

आता मुद्द्याचं.

२४ नोव्हेंबर १९४०, रविवार संध्याकाळ. जर्मन विमानांचा ब्रिस्टलवरचा पहिला मोठा हल्ला. जुन्या शहराचा मधला भाग, कासल स्ट्रीट आणि वाइन स्ट्रीटची बाजारपेठ, एका रात्रीत गेली. सुमारे दोनशे माणसं मेली. हे आधी सांगतो, कारण पुढे मी हाडांबद्दल आणि कागदांबद्दल बोलणार आहे आणि कोणी म्हणायला नको की याला माणसांचं काही नाही. त्याच रात्री म्युझियमवर बॉम्ब पडला, आग लागली आणि आतलं सगळं जळत गेलं.

गंमत बघा (गंमत कसली). माझ्या फोटोत जे दिसतं, त्या कमानी, तो दर्शनी भाग, तो बराचसा वाचला. इमारतीचं कवच उभं राहिलं. युद्धानंतर ते सावरून घेतलं, तिथे विद्यापीठाचं भोजनगृह झालं, पुढे रेस्टॉरंट झालं. शहराचं म्युझियम शेजारच्याच १९०५ च्या इमारतीत चालू राहिलं, तंबाखूवाल्या विल्सने शहराला बांधून दिलेल्या आर्ट गॅलरीत. म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवून विकायला फोटोवाल्याने ज्या बाजूचा फोटो काढला, ती बाजू आहे. गेलं ते त्या भिंतीमागचं. कपाटं, ड्रॉवर, ड्रॉवरमधल्या खोक्यांतले दगड आणि त्यावरची बोटभर चिठ्ठी. ड्रॉवरचा फोटो कोण विकत घेणार? आपल्या घरीही तेच असतं. लग्नात स्टेजचे चारशे फोटो आणि ज्या स्वयंपाकघरात आजीने पन्नास वर्षं काढली त्याचा एकही नाही.

त्या ड्रॉवरांत आणि भिंतींवर काय होतं ते सांगितल्याशिवाय नुकसान समजणार नाही.

१८३४ साली ब्रिस्टलला लागून असलेल्या डर्डम डाउनच्या चुनखडीच्या खाणीत काही हाडं सापडली. हेन्री रायली नावाचे डॉक्टर आणि सॅम्युएल स्टचबरी नावाचे म्युझियमचे क्युरेटर, या दोघांनी त्यांचा अभ्यास करून १८३६ मध्ये त्या प्राण्याला नाव दिलं, थिकोडोन्टोसॉरस, म्हणजे खोबणीत दात बसलेला सरडा. ‘डायनोसॉर’ हा शब्दच तेव्हा नव्हता, तो रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये काढला. इतका जुना हा शोध. आता प्राणिशास्त्रात एक पद्धत आहे. नवीन जातीला नाव द्यायचं तर एक विशिष्ट नमुना नेमावा लागतो, त्याला टाइप म्हणतात. पुढे जगात कुठेही तसलं हाड सापडलं तर "हा तोच का?" हे ठरवायला त्या एका नमुन्याशी ताडून पाहायचं. पॅरिसजवळ ठेवलेला किलोग्रॅमचा ठोकळा २०१९ पर्यंत जसा सगळ्या तराजूंचा आजोबा होता, तसं. थिकोडोन्टोसॉरसचा टाइप म्हणजे जबड्याचा एक तुकडा. तो त्या रात्री गेला. बाकी काही हाडं वाचली म्हणून पुढे त्यातलंच एक नवीन टाइप म्हणून नेमावं लागलं. दत्तक घेतल्यासारखं.

दुसरा याहून मोठा. ब्रिस्टलपासून दक्षिणेला सॉमरसेटमध्ये स्ट्रीट-ऑन-द-फॉस गावाजवळ एका समुद्री प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला होता. वल्ह्यांसारखे चार पाय आणि मोठ्ठं डोकं. त्याच स्टचबरीने १८४६ साली त्याचं वर्णन केलं. म्युझियमची शान होता तो. तोही नोव्हेंबर १९४० मध्ये गेला. पण त्याच्या काही भागांचे साचे आधीच काढून ठेवले होते आणि ते लंडन आणि डब्लिनला गेलेले होते. आणि त्याचे जुने फोटो होते. या साच्यांवरून आणि फोटोंवरून ॲडम स्मिथ या अभ्यासकाने २०१५ साली दाखवून दिलं की हा प्राणी आतापर्यंत ज्या कुळात कोंबला होता तिथला नाहीच, स्वतंत्र आहे. नवीन नाव दिलं ॲटिकोड्रॅकन. ग्रीक शब्दांवरून. अर्थ, दुर्दैवी ड्रॅगन. नावातच बॉम्ब आला.

हे वाचून आमचे चुलतबंधू टाळी वाजवणार हे मला इथे बसून ऐकू येतंय. "बघ! म्हणजे फोटो होता म्हणून झालं ना? मूळ जळूनही काम झालं ना? आम्ही तरी दुसरं काय म्हणतोय?"

थांबा जरा. टाळीसाठी आणखी मोठं उदाहरण देतो, मग बोलू.

म्युनिकमध्ये एर्न्स्ट श्ट्रोमर नावाचे जीवाश्मतज्ज्ञ होते. इजिप्तच्या बहारिया मरूद्यानात १९१२ साली सापडलेल्या हाडांवरून त्यांनी १९१५ मध्ये स्पायनोसॉरस जगापुढे आणला, तोच पाठीवर शीड असलेला, मुलांच्या टीशर्टवर असतो तो. दुसऱ्या महायुद्धात श्ट्रोमर म्युझियमच्या संचालकाला सांगत राहिले की हा संग्रह शहराबाहेर हलवा. संचालक कार्ल बॉयर्लेन कट्टर नाझी. त्याने नकार दिला. २४ एप्रिल १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानं आली आणि सगळं संपलं. म्हणजे ब्रिस्टलला जर्मनांनी जे केलं तेच ब्रिटिशांनी म्युनिकला केलं, पण म्युनिकच्या हाडांवर बॉम्बच्या आधी एका माणसाचं "नको" पडलं होतं. (ग्रुपवरच्या सतरा अंगठ्यांशी मी याची तुलना करत नाहीये. फक्त वाचून दाखवतोय.)

श्ट्रोमर यांच्या तीन मुलांपैकी दोन युद्धात गेले. तिसरा, वोल्फगांग, रशियनांच्या कैदेत होता. तोही गेला असंच घरचे धरून चालले होते, तो १९५० मध्ये परत आला. याच मुलाने १९९५ साली वडिलांचे कागद म्युनिकच्या संग्रहालयाला दिले. त्या कागदांत दोन फोटो होते. स्पायनोसॉरसचा खालचा जबडा, आणि म्युझियममध्ये हाडं मांडून ठेवलेली. २००० साली ते अभ्यासकांच्या लक्षात आले, २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत जगाकडे फक्त १९१५ ची रेखाचित्रं होती. ती किती खरी, हे तपासायला पहिल्यांदा काहीतरी मिळालं. आणि परवापरवा, जानेवारी २०२५ मध्ये, त्याच म्युनिकच्या आगीत गेलेल्या दुसऱ्या एका सांगाड्याचे फोटो ट्युबिंगेनच्या विद्यापीठातल्या जुन्या कागदपत्रांत मिळाले, त्यावरून कळलं की तो प्राणी समजत होतो तो नव्हेच. नाकावर शिंगासारखा उंचवटा. त्याचं नाव आता टॅमेरिरॅप्टर. मरून नऊ-दहा कोटी वर्षं, जळून ऐंशी वर्षं, आणि बारसं आत्ता.

आता बोलू. हे फोटो उपयोगी पडले, का? कारण ते कोणीतरी ठेवले होते. पाकिटात, इतर कागदांबरोबर, कोणाचे आणि कशाचे ते कळेल अशा ठिकाणी. श्ट्रोमर यांचे फोटो श्ट्रोमर यांच्याच कागदांत होते म्हणून ते स्पायनोसॉरसचे आहेत हे लगेच कळलं. तेच दोन फोटो माझ्या बाजारवाल्याच्या टोपलीत आले असते तर "जुनी हाडं, व्हिंटेज, दोन पौंड" अशी चिठ्ठी लागून एखाद्या पबच्या संडासाबाहेर टांगले गेले असते. फोटोत जे दिसतं ते त्याच्यातलं निम्मं. उरलेलं निम्मं पाठीवर असतं, शेजारच्या फोटोत असतं, ज्या खोक्यात तो होता त्या खोक्यावर असतं. मोबाईलने समोरून टिपून, कडा कापून, व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेल्या चित्रात ते कुठून येणार?

आणि मूळ जळूनही काम झालं म्हणता, ते किती झालं? फोटो उलटा करून हाडाची दुसरी बाजू बघता येत नाही. हाडाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्याचं वय काढतात, ते फोटोवरून होत नाही. सीटी स्कॅन होत नाही. फोटो काढणाऱ्याला जो प्रश्न पडला होता त्याचंच उत्तर फोटोत असतं. पुढच्या माणसाला वेगळा प्रश्न पडतो तेव्हा त्याला मूळ वस्तू लागते. मूळच नाही म्हणून अभ्यासक आज फोटोवर डोळे ताणतात. त्यांनी आनंदाने केलेली निवड नाही ती. विधुराने फोटोला हार घातला तर "बघा, बायकोची काही गरज नव्हती" असं आपण म्हणत नाही ना?

अल्बमलाही हेच लागू. अल्बम मूळ वस्तू आहे. त्यातल्या फोटोंचा मोबाईलवर काढलेला फोटो हा फोटोचा फोटो. आजोबांनी कोणता फोटो कोणाच्या शेजारी लावला, कोणाचा काढून टाकला (दोन पानांवर चारही कॉर्नर आहेत आणि मध्ये काही नाही, आठवतंय का कोणाला?), कुठे शाईने लिहिलं, कुठे खोडलं, हे पान बघितल्याशिवाय कळत नाही. फोटोंच्या पाठीवर स्टुडिओचे रबरी शिक्के आहेत. बहुतेक फोटो कॉर्नरमधून सोडवून आपण कधी उलटून बघितलेलेच नाहीत.

इंग्रजांचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४१ च्या सुरुवातीला, बॉम्ब पडायला लागल्यावर, तिथे नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड नावाची संस्था काढली. काम एकच, महत्त्वाच्या इमारतींचे फोटो काढणं आणि लोकांकडे आधीच असलेले फोटो आणि आराखडे गोळा करणं. वॉल्टर गॉडफ्रे प्रमुख, जॉन समरसन त्यांचे साहाय्यक. चांगलंच केलं. पण लक्षात घ्या, शहाणपण आलं ते बॉम्बनंतर. ब्रिस्टलचा मधला भाग तोपर्यंत जळून दोन-तीन महिने झाले होते. आणि इतकं होऊनही ते पूर्ण शिकले असं नाही. फ्रान्सिस फ्रिथच्या कंपनीने व्हिक्टोरियाच्या काळापासून इंग्लंडातल्या गावोगावचे फोटो काढून विकले होते. ती १९७१ साली बंद पडली तेव्हा तो सगळा ठेवा मोडीत जायच्या बेतात होता, कोणीतरी वेळेवर धावला म्हणून वाचला. महायुद्धात घरंच्या घरं गमावलेल्या देशाची ही तऱ्हा, तर आमच्या सोसायटीचं काय!

आपल्याकडे बॉम्बची गरज पडत नाही. १८७२ सालीच, ब्रिस्टलचं म्युझियम उघडलं त्याच वर्षी, मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेतलं म्युझियम उघडलं. तेव्हाचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, आताचं डॉ. भाऊ दाजी लाड. ते उभं आहे आणि २००३ ते २००८ मध्ये त्याचं नूतनीकरण झालं, नशीब आपलं. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी फोटो काढायचे, १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीच्या अगदी पहिल्या काळातले. म्हणजे फोटो ही काही आपल्याकडे उशिरा आलेली चैन नाही. पण २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत गेलं, ते कोणाच्या विमानाने? २ सप्टेंबर २०१८ ला रिओचं नॅशनल म्युझियम जळालं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना विनंती केली, तुम्ही कधी आत फोटो काढले असतील तर पाठवा. पर्यटकांच्या सेल्फींच्या मागे जे काही दिसत असेल ते. मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

आणि आमच्या घरापुरतं बोलायचं तर १९६१ चं पानशेत आहेच. आजोबांच्या थोरल्या भावाचं घर नदीकाठी होतं. त्यांच्याकडचा एकही फोटो आज नाही. पणजोबांचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो आजोबांच्या तिसऱ्या अल्बममधल्या एकाच फोटोमुळे, आणि त्यातही ते मागच्या रांगेत आहेत, निम्मे कोणाच्यातरी पगडीआड.

आता चुलतभावाची बाजू. ती अगदीच पोकळ नाही, हे मान्य करतो. नवीन घरात माळा नसणार. पुण्याच्या पावसाळ्यात अल्बमना बुरशी लागते, दोन तर आत्ताच वास मारतात. दर दिवाळीला ते काढून पुसायचं काम वहिनी करते, मी नाही. आणि तो म्हणतो की कोणी बघतच नाही, तर ते खरं आहे. पण कोणी बघत नाही म्हणून टाकायचं म्हटलं तर ट्युबिंगेनचं ते पाकीटही साठ-सत्तर वर्षं कोणी बघितलं नव्हतं.

तेव्हा नुसतं "नको" म्हणून मी बाजूला होत नाही. माझं म्हणणं असं आहे. मोबाईलने फोटो काढायचे असतील तर जरूर काढा, पण अख्ख्या पानाचा आधी, मग एकेक, आणि जो सहज सुटतो त्याच्या पाठीचाही. न सुटणारा ओढू नका. फ्लॅश नको, खिडकीच्या उजेडात काढा. व्हॉट्सॲपवरून नको, पेन ड्राइव्हवर द्या. लॅमिनेशन करायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल तर ती आधी काढून टाका. त्या प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्येही हलवू नका, त्याचा गोंद फोटो खातो. पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, बॉलपेनने अजिबात नाही. बुरशीवाले दोन अल्बम वेगळे ठेवा, कोरड्या हवेत उघडून. उन्हात नको.

आणि सगळ्यात आधी आत्याकडे जा. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. त्या अल्बममधली माणसं ओळखणारी आता ती एकटीच उरलीय. गेल्या वर्षी फोनवर मी तिला पहिल्या अल्बममधल्या ग्रुप फोटोबद्दल विचारलं, तर तिने डावीकडून नऊ नावं धडाधड सांगितली, दहाव्याला "तो मेला रेशनवाला, मध्येच येऊन उभा राहिला" म्हणाली. हे कुठल्याही स्कॅनरला येत नाही. दर रविवारी एक अल्बम, एक तास, कोणीतरी समोर बसून लिहून घ्यायचं. अकरा रविवार होतात. तिला दुपारी दोननंतर झोप येते, तेव्हा सकाळी जा. येताना चितळ्यांकडून काहीतरी न्या, म्हणजे बोलेल.

जागेचा प्रश्न मी सोडवतो. डिसेंबरात येतोय. अकराही अल्बम माझ्याकडे नेण्याची माझी तयारी आहे, विमानात वजन जास्त झालं तर त्याचे पैसे मी भरीन. पण खरं सांगू, ते इथे यावेत असं मला वाटत नाही, आत्या तिथे असताना तर नाहीच. मावशीच्या कोथरूडच्या घरातलं कपाट रिकामं आहे, तिला मी विचारलंय, ती हो म्हणालीय. एक तारखेला पॅकर्स येणार आहेत असं कळलं. त्याच्या आधी कोणीतरी माळ्यावर चढून ती लोखंडी ट्रंक खाली काढा. ट्रंकेवर गाद्या आहेत, आणि किल्ली आजोबांच्या घड्याळाच्या खोक्यात आहे.